पानमळ्याला लागलेलं वारं

पानमळ्यात चपला घालून जायचं नाही. हा नियम मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. चालायला लागलो तेव्हाच तो पायाला कळला असावा. मळ्याच्या भोवती तुराट्यांचा दाट कुड, त्यात वाकून आत जायला एक फट, आणि त्या फटीशी एक चपटा काळा दगड. त्या दगडाशी सगळ्यांच्या चपला निघायच्या. पाटील असो, तलाठी असो. एकदा एक खताचा साहेब बूट काढीना, तर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, त्याला दारातच घोंगडीवर बसवलं, विडा दिला, मळ्याची सगळी हकीकत बाहेरूनच सांगितली आणि तिथूनच वाटेला लावलं. नागवेलीला विटाळ चालत नाही असं आमच्यात मानतात. चपलेचा नाही, आणि बाईमाणूस बाहेर बसलेलं असलं तर तिच्या सावलीचाही नाही. मी आता सत्तरी ओलांडली. अजून चपला दगडाशीच काढतो, आणि दुसऱ्यानं नाही काढल्या तर तोंड सोडतो. घरातली पोरं हसतात. हसू देत. चौथी शिकलेला माणूस आहे मी, पण पानाच्या बाबतीत मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय.

आमचं गाव तेरच्या खालच्या अंगाला, तेरणेच्या काठी. वस्ती शेतातच. तीन खणांचं घर, पुढं पत्र्याचं सपार, सपराला लागून दोडक्याचा मांडव आणि हाकेच्या अंतरावर मळा. चैत्रात बाहेर जमीन तव्यागत तापलेली असली तरी मळ्यात शिरलं की अंगावर कुणी ओलं धोतर टाकल्यासारखं वाटायचं. शेवरीच्या आणि हादग्याच्या खोडांवर वेल चढवलेले, लव्हाळ्यानं जागोजाग बांधलेले, वर पाला एकमेकांत गुंतलेला; भर दुपारी आत हिरवा अंधार. पान खुडायला उजव्या अंगठ्यात पत्र्याची नखी घालायची. तिघं खुडायला लागले की टचक, टचक, टचक असा आवाज सगळ्या मळ्यातनं यायचा. दुसरा आवाज नाही. आण्णा खुडताना बोलत नसत आणि कुणाला बोलू देत नसत. वेलाला कान असतात, म्हणायचे. आमची पानं तुळजापूरला आईच्या विड्याला जायची, चैती पुनवेला येरमाळ्याच्या यात्रेला जायची. आण्णा दुसऱ्याच्या मळ्याचं पान तोंडात घालायचे नाहीत, मग ते लग्नातलं मानाचं असलं तरी. खिशातनं आपलं काढायचे. हा ताठा मला त्यांच्याकडनंच आला, आणि त्यानंच पुढं घोटाळा केला.

त्या साली थोरल्या भावाच्या, दिगंबरच्या, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वहिनी उमरग्याच्या पलीकडची, कानडी मुलखाला लागून. नाव शेवंता. आमच्याकडच्या अंबाडीला ती पुंडी म्हणायची, आणि आम्ही हसलो की तीही हसायची, पण शब्द बदलायची नाही. ज्वारीच्या कण्या घालून, लसणाची जळती फोडणी देऊन ती जी पुंडीची भाजी करायची तशी आमच्या घरात आधी कधी झाली नव्हती. आण्णा आंबट झाली, आंबट झाली म्हणत दोनदा वाढून घ्यायचे. तोंडानं मोकळी. मायनं, म्हणजे आमच्या आईनं, एकदा तिला समजावलं होतं की सासरी सगळंच सांगत बसू नये. तर म्हणाली होती, ''खोटं बोलायचं तर आदी ठरवावं लागतंय. मला येळ कुठाय?'' मायला हसावं का रागवावं कळेना. भाऊ तिच्यावर जीव टाकायचा, पण आण्णांच्या पुढं त्याच्या तोंडातनं शब्द फुटायचा नाही. तो जन्मभर तसाच राहिला.

आता पंपाचं सांगतो. माझं वय अठराच्या आसपास. मळ्याच्या मावळतीला बांधापलीकडं बळवंततात्यांचा ऊस होता. कोवळा, गुडघ्याएवढा, आणि त्याला चांदवेलीनं असं आवळलेलं की ऊस कुठला आणि वेल कुठली ते कळू नये. खुरपायला बाया लावल्या तरी आठ दिवसांत पुन्हा तेच. तात्यांनी शहरातनं औषध आणलं. काळपट बाटली, वर इंग्रजीत काहीतरी छापलेलं. दुकानदारानं तोंडी सांगितलेलं एवढंच, की यानं वेल मरती, रुंद पानाचं तण मरतं, उसाला काही होत नाही. आणि वारं पडलेलं असताना, सकाळच्या पारी मारा. तात्यांचे गडी त्या वासानंच मागं सरले. फिनेल आणि घासलेट एकत्र केल्यासारखा उग्र वास होता तो. मी म्हणालो, मी मारतो. पितळी पंप होता, पाठीला लावायचा, घासला की सोन्यासारखा चमकायचा. गावात तो चालवणारा मी पहिला. चौथीनंतर मास्तरांनी माझं नाव काढून टाकलं होतं, आणि आता मास्तरच बांधावर उभं राहून माझ्याकडं बघत होते. ह्याचं मला काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा.

सकाळी मला आण्णांबरोबर पानं खुडायची असायची, म्हणून मी दुपारी फवारायचो. चैत्रातली दुपार, वारं मावळतीचं, बऱ्यापैकी जोराचं. दांडा हाणला की नळीतनं तुषार निघायचा, थोडा उसावर बसायचा आणि बाकीचा पांढऱ्या धुरासारखा उठून बांधावरनं मळ्याकडं जायचा. मला तो धूर बघायला बरं वाटायचं. उन्हात त्यात एखादेवेळी इंद्रधनुष्य दिसायचं. वारं कुठनं कुठं चाललंय हे मला दिसत होतं. ते आंधळ्यालासुद्धा कळलं असतं. पण औषध म्हणजे जिथं मारलं तिथंच लागतं, अशी माझी समजूत. आणि माझी समजूत म्हणजे मग ती माझीच.

अशाच एका दुपारी मी फवारत असताना वहिनी शेळ्या राखत होती. ती बाहेर बसलेली, तिसरा दिवस. घरात काम नसायचं म्हणून त्या दिवसांत शेळ्या तिच्याकडं असायच्या. एक करडू मळ्याच्या मावळतीच्या कोपऱ्यात कुडातनं आत घुसलं आणि वेलाला तोंड लावायला लागलं. हाकलायला दुसरं कुणी जवळ नव्हतं. ती तशीच, पायातल्या चपलेसकट, आत गेली, करडू उचललं आणि बाहेर आली. सगळा खेळ चार श्वासांचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी आण्णा मळ्यातनं लवकर बाहेर आले आणि दगडावर बसून राहिले. चपला घालायचं भान नव्हतं. मी आत जाऊन बघितलं. मावळतीच्या कोपऱ्यातल्या चार ओळींचे शेंडे पिळवटले होते. सरळ वर चाललेला शेंडा सापानं मान मुरडावी तसा खाली वळलेला, नवी पानं तान्ह्या लेकराच्या मुठीसारखी आवळलेली, देठ वाकडे. पान पिवळं नाही, कीड नाही, करपा नाही. हिरवंगार आणि वेडंवाकडं. असलं आण्णांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पुनवेला नऊ दिवस राहिले होते.

त्या दिवशी जेवताना आण्णांनी ताटाला हात न लावता विचारलं की मळ्यात कोण गेलं होतं. आतून वहिनीचा आवाज आला, ''म्या गेले हुते, मामा. करडू शिरलं हुतं.'' मग तिनं दिवस सांगितला, आणि चपला काढायचं ध्यानात राहिलं नाही हेही सांगितलं. ते तिला कुणी विचारलेलं नव्हतं. मायनं कपाळाला हात लावला. आण्णा ताटावरनं उठले. न जेवता उठलेले आण्णा मी त्याआधी एकदाच पाहिले होते, आजा गेला तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर पंप धूत होतो तेव्हा वहिनी घागर घेऊन आली. हळू आवाजात म्हणाली की ती आत होती त्याच वेळी कुडाच्या फटीतनं फवारा आत आला होता. तिच्या तोंडावर आला, डोळे चुरचुरले, लुगड्याचा वास अजून जात नाही. हे ती मला जाब विचारल्यासारखं नाही, नुसतं सांगत होती, मी जाणता आहे असं समजून. मी फिस्कारलो. ''औषद उसात मारलंय. ते काय बांधावरनं उडी मारतंय व्हय?'' ती घागर बुडवून निघून गेली. पन्नास वर्षांत मी पुष्कळ लोकांना पुष्कळ वाईट बोललो असेन. पण त्या सगळ्यात हे जाणूनबुजून केलेलं फिस्कारणंच तेवढं आठवतं.

आण्णांनी मळा शुद्ध करायचं ठरवलं. तुळजापूरचं तीर्थ घरात होतं, गोमूत्र गोठ्यात. पण मळा दोन पुरुष उंच. आंब्याच्या डहाळीनं शिंपडून वरपर्यंत जाणार कसं? आण्णाच म्हणाले की तुझा तो पंप आण. आयुष्यात पहिल्यांदा आण्णांना माझ्याकडनं काही हवं होतं. मी पंप विहिरीवर दोनदा विसळला, नेहमी विसळायचो तसाच. तीर्थ आणि गोमूत्र पाण्यात घालून भरला, पाठीला लावला. आण्णा पुढं ऊद घेऊन, मी मागं अनवाणी, एकेक ओळ, एकेक वेल, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत. आतला हिरवा अंधार उदाच्या धुरानं भरला होता. मळ्यापासनं लांब लिंबाखाली बसवून ठेवलेल्या वहिनीनं मायला सांगितलं म्हणे, की पंपानं नका मारू, त्या पंपाला अजून तसलाच वास येतोय. मायनं तिला तोंड मिटायला सांगितलं. आधी मळा नासवायचा आणि वर शुद्धीत खोट काढायची! हे मला मायनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेव्हा ती स्वतःशीच मान हलवत होती.

दोन दिवसांनी अख्खा मळा पिळवटला.

मळ्याचा तो देखावा मला अजून दिसतो. शेंडा न् शेंडा खाली मान घालून. खोडं फुगून तडकायला लागलेली, वेलच काय, ज्यांच्यावर वेल चढवलेले ते हादगेसुद्धा मान टाकलेले. नखीचा आवाज बंद. येरमाळ्याच्या यात्रेला पानं गेली नाहीत. आण्णांनी कुणाला बोल लावला नाही, आणि तेच भयंकर होतं. तीर्थानंसुद्धा धुतला गेला नाही असा विटाळ, एवढंच एकदा म्हणाले. मग भावाला बोलावून सांगितलं की पुनव झाली की शुक्रवारी सुनेला माहेरी पोचवून ये. पुढचं पुढं बघू, बोलावणं धाडू. अशी बोलावणी कधी जात नाहीत हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. भाऊ 'व्हय' म्हणाला. त्या रात्रीपासनं त्याची भाकरी अर्धी झाली. वहिनी रडली नाही. तिनं आपली दोन लुगडी धुऊन वाळत घातली, आणि त्यातल्या एकाला अजून तो फिनेलासारखा वास होता.

सोमवारी ती शेळ्या घेऊन बांधावर होती. मी उसाकडं चाललो होतो. तिनं मला थांबवलं आणि काही न बोलता बोटानं दाखवत गेली. बांधावर मायनं वातीसाठी लावलेलं कापशीचं झाड होतं, त्याची पानं बेडकाच्या पायासारखी लांबट आणि फाटकी झालेली. कुंपणावरचा घेवडा पिळलेला. आणि तिथंच, त्याच मातीत, हरळी टवटवीत. मळ्याच्या पलीकडं आमच्या उगवतीच्या बांधावर मायनंच लावलेली दुसरी कापशी, तिला काही म्हणजे काही झालेलं नाही. ''हितं म्या शिवले न्हाय,'' ती म्हणाली. ''ह्या कापशीला शिवले न्हाय, घेवड्याला शिवले न्हाय. उसाच्या अंगाचं तेवढं गेलंय. विटाळ वारं बगून पडतोय काय, भावजी?''

मी तरातरा उसात गेलो. उसात मधोमध उकिडवा बसलो. माझ्या औषधानं चांदवेल मरायला लागली होती. तिचा शेंडा मी हातात घेतला. तोच पीळ. तीच आवळलेली मूठ, तोच वाकडा देठ, तेच फुगून तडकलेलं खोड. औषधाला चांदवेल कोणती आणि नागवेल कोणती ते कोण सांगणार होतं? त्याला वेल मारायला सांगितली होती, त्यानं मारली. मी तिथं किती वेळ बसलो कुणास ठाऊक.

सरळ जाऊन आण्णांना सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण मी तसा नव्हतो. मला आधी खात्री पाहिजे होती, आणि खरं सांगायचं तर मला असं काही पाहिजे होतं की ज्यात मी चुकलो असं न दिसता मी शोधून काढलं असं दिसेल. त्या दिवशी तात्यांच्या उसातलं उरलेलं काम केलं, पंप नेहमीसारखा दोनदा विसळला, त्यात विहिरीचं नुसतं पाणी भरलं आणि घरी आलो. सपरात आण्णा सुतळी वळत बसले होते. त्यांच्यादेखत मी दोडक्याच्या मांडवाच्या अर्ध्या वेलावर ते पाणी मारलं, उरलेल्या अर्ध्यावर नाही. माय ओरडत आली. मी म्हणालो, ''आण्णा, हे इहिरीचं पाणी हाय. ह्या वेलाला कुणाचा पाय न्हाय, कुणाची सावली न्हाय. शुक्रवारपातूर बगा.'' आण्णांनी सुतळी थांबवली नाही.

ते दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. घरात प्रत्येकजण मांडवाखालनं जाताना वर बघायचा आणि बघितलं नाही असं दाखवायचा. मंगळवारी काही नाही. दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमललेली, भुंगे घोंघावत होते, आणि मला वाटलं की माझा अंदाज चुकला, वहिनी जाणार. खरं लिहायचं तर त्यात मला थोडं हलकंही वाटलं. अंदाज चुकला म्हणजे मी मळा मारला नव्हता. बुधवारी एक तंतू वाकडा दिसला, पण तंतू वाकडेच असतात. वहिनीनं त्या दिवशी सगळ्यांसाठी पुंडीची भाजी केली. कुणी हसलं नाही. भावानं बसची वेळ विचारून ठेवली होती, तेरच्या फाट्यावर सकाळी नऊला. गुरुवारी वाऱ्यानं पानं हलत होती म्हणून नीट कळेना. तिचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं.

शुक्रवारी मी उठलो तेव्हा आण्णा मांडवाखाली उभे होते. अर्धा वेल सरळ, अर्ध्याचे शेंडे खाली मुरडलेले, पानांच्या मुठी झालेल्या. रेघ मारल्यासारखं. आण्णांनी एक शेंडा दोन बोटांत धरला, मळ्यात धरायचे तसा हलकेच.

''पंप कुणी इसळला हुता?''

''म्या.''

''तीर्थाच्या दिशी?''

''म्याच. दोनदा.''

त्यांनी शेंडा सोडला. बराच वेळ मळ्याकडं बघत राहिले. पंप आणायला त्यांनीच सांगितलं होतं, हे त्यांना आठवत असणार, आणि ते मी बोललो नाही, त्यांनीही नाही. मग आत तोंड करून मायला म्हणाले, ''सुनंला म्हणावं भाकरी टाक. आज बस चुकली.'' दाराशी ठेवलेलं गाठोडं भावानं उचलून आत नेलं, आणि आत गेल्यावर त्यानं नाक शिंकरल्याचा आवाज आला.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती आयुष्यभर फुशारकीनं सांगितली असती. सांगितलीही, पुष्कळ ठिकाणी, इथपर्यंतच. पण त्या दिवशी दुपारी जेवताना आण्णांनी निवाडा दिला. मळा पंपानं खाल्ला हे त्यांना पटलं होतं. पण मावळतीचा कोपरा पंप आत जायच्या आधीच गेला होता. ''त्यो कोपरा हिचा,'' ते म्हणाले. ''ऱ्हाऊ दे घरात. पण मळ्यात पाय न्हाय टाकायचा हिनं. कदीच.'' मग त्यांनी सगळ्यांवरनं नजर फिरवली, कुणाला आणखी काही बोलायचंय का अशी. माझ्या तोंडात घास होता. अंबाडीचा, आंबट. वारं मावळतीचं होतं, दुकानदारानं सकाळी मारायला सांगितलं होतं, धूर मी डोळ्यानं जाताना बघितला होता, वहिनीच्या तोंडावर उडाला होता. हे सगळं त्या घासाच्या मागं होतं. ते बोललो असतो तर मळा विटाळानं नाही, पंपानं नाही, एकट्या माझ्या अडाणीपणानं गेला असं झालं असतं. गावात फवारणीला मला बोलवायला लागले होते. मास्तर माझ्याशी बोलायला लागले होते. मी घास गिळला. वहिनीनं चुलीपाशनं माझ्याकडं एकदा बघितलं. परत बघितलं नाही.

मळा उपटून काढला, वेल जाळले, आणि त्या धुराचाही वास वेगळा आला. आण्णांनी दोन वर्षं विडा खाल्ला नाही, कारण दुसऱ्याचं पान ते खाणार नव्हते. तिसऱ्या वर्षी नवे वेल लावले. वहिनीनं कधी पाय टाकला नाही. ती न्याहारी घेऊन यायची, दगडाच्या अलीकडं चपलांवरच उभी राहायची, पाटी हात लांब करून आत द्यायची. पोरं झाली, पोरांची लग्नं झाली, आण्णा गेले, माय गेली, दिगंबरभाऊ गेला. घर तिनं चालवलं. मळ्याचा मालक मी झालो. एका शब्दानं मला तिला आत बोलावता आलं असतं, आणि मी नुसतं 'या' म्हणालो असतो तरी ती आली नसती हेही खरं; तिला दुसरा शब्द पाहिजे होता.

गेल्या श्रावणात बळवंततात्यांच्या नातवानं सोयाबीनच्या कडेनं, बांधावरच्या तणावर औषध मारलं. आता उसातली चांदवेल नाही, सोयाबीनच्या कडेचा केना आहे. पितळी पंप नाही, बॅटरीचा आहे. बाकी वारं तेच. चौथ्या दिवशी माझ्या मळ्याच्या मावळतीच्या दोन ओळींनी माना टाकल्या. मी बांधावर जाऊन त्या पोराला जी शिवी आठवली ती दिली. वारं दिसत न्हाय व्हय रं तुला, म्हणालो. तो बिचारा म्हणाला, ''आबा, बांधावरच मारलंय. तुमच्या मळ्यात कसं येईल?'' माझा मुलगा आला, सून आली, पुतण्या आला. वहिनी काठी टेकत दगडापर्यंत आली होती. मी त्या पोराला अडाणी म्हणालो तेव्हा ती बोलली. आवाज चढवला नाही.

''त्या साली वारं कुठलं हुतं, भावजी?''

सगळे तिच्याकडं बघायला लागले, मग माझ्याकडं. पोरांना काय कळणार कुठलं साल. मी काठीच्या टोकाकडं बघत होतो. तोंडात घास नव्हता.

''मावळतीचं,'' मी म्हणालो. ''उसातनं मळ्याकडं. पंप माझ्या पाठीवर हुता. कोपरा म्या मारला, वैनी. तुमच्या तोंडावर आलं ते बी म्याच मारलेलं.''

ती म्हणाली, ''आता ऐकायला मामा न्हाईत, आत्याबाई न्हाईत, हे न्हाईत. तुमी बी नीट टायमाला बोलला.'' त्यात राग होता की थट्टा, मला अजून ठरवता आलेलं नाही. तात्यांच्या नातवानं पंप खाली ठेवला आणि उद्यापासनं सकाळी मारतो म्हणाला, पण तो माझ्याशी बोलत होता की तिच्याशी, कुणास ठाऊक.

वहिनी दगडापाशी आली. थांबली. खाली आपल्या पायांकडं बघितलं. चपला काढल्या नाहीत. काठी कुडाला टेकवली, वाकली आणि फटीतनं तशीच आत गेली. माझ्या सुनेनं दचकून माझ्याकडं बघितलं, आता हा तोंड सोडणार म्हणून. मी काही बोललो नाही. मग उगवतीच्या बाजूनं, जिकडचे वेल चांगले होते तिकडनं, टचक असा एक आवाज आला. नखी नव्हती तिच्याकडं. नखानंच खुडत होती.